इंदूरला नेलेल्या बारा पेलेट

चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. दहापट भिंगाखाली धरल्यावर दिसली. केसाहून बारीक, कडेपासून निघून मधोमध येऊन थांबलेली. बारापैकी चार पेलेटमध्ये, म्हणजे पूड दाबून केलेल्या पातळ चकत्यांमध्ये, अशी चीर होती. रात्रभराच्या रेल्वेत पेलेटचा डबा जागेअभावी आडवा न ठेवता उभा खोचला होता, त्याचा हा परिणाम. इंदूरचे चार दिवस कसे गेले हे एका ओळीत सांगता येईल: गेस्टहाऊस, बस, बीमलाइन, झोप. त्या चिरेने घेतलेली एक रात्र मात्र सविस्तर लिहिण्यासारखी आहे.

आम्ही गेलो होतो राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर. १७२.५ मीटर परिघाचं कडं, त्यात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. मायक्रोट्रॉनमधून ते २० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टवर निघतात, बूस्टरमध्ये ५५० पर्यंत चढतात, मग मोठ्या कड्यात भरले जातात आणि पूर्ण ऊर्जेपर्यंत तिथेच नेले जातात. चुंबकापाशी त्यांची वाट वळते तिथे क्ष-किरण सुटतात. आमचं काम बीएल-९ वर होतं, म्हणजे एक्झॅफ्सच्या बीमलाइनवर. बीमलाइन ही कड्यातून किरण बाहेर आणणारी वाट, आणि एक्झॅफ्स ही क्ष-किरणांच्या शोषणात उमटणाऱ्या बारीक लहरी वाचण्याची पद्धत. बाहेरून बघणाऱ्याला ही एक शिशाच्या भिंतींची खोली आणि शेजारी चार मॉनिटर, एवढंच दिसेल. पण एखाद्या अणूच्या शेजारी कोण बसलंय आणि किती अंतरावर, हे अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत इथे मोजता येतं. मला आपल्या देशातल्या कुठल्याही पर्यटनस्थळापेक्षा ही खोली जास्त प्रिय आहे.

नमुना होता सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडचा: सोडियम दोन तृतीयांश, लोह अर्धा, मँगॅनीज अर्धा, ऑक्सिजन दोन. थरांची रचना पी२ प्रकारची. २०१२ साली तोक्योतल्या शिनिची कोमाबा यांच्या गटाने हे संयुग पुढे आणलं आणि ग्रॅममागे १९० मिलिॲम्पिअर-तास क्षमता दाखवली. लिथियम नको, कोबाल्ट नको, निकेलही नको, म्हणून त्यावर अजून इतकं काम चालू आहे. अडचण मँगॅनीजची आहे. सेल १.५ व्होल्टपर्यंत उतरवला की बरंचसं मँगॅनीज ४+ वरून ३+ संयुजेचं होतं आणि त्याच्याभोवतीच्या सहा ऑक्सिजनचा अष्टफलक ताणला जातो. चार ऑक्सिजन १.९३ अँगस्ट्रॉमच्या आसपास राहतात, दोन २.२ च्या पलीकडे सरकतात. यालाच यान-टेलर विकृती म्हणतात. दर चार्ज-डिस्चार्जला हा ताण येतो आणि जातो, आणि थर थकतात. ही विकृती कुठल्या व्होल्टेजला किती असते, ते आम्हाला मोजायचं होतं. त्यासाठी बारा वेगवेगळ्या व्होल्टेजला थांबवलेल्या इलेक्ट्रोडच्या बारा पेलेट.

पेलेटचं गणित घरीच करून जायला हवं. ते न करता पूड डबीत भरून बीमलाइनवर येणारे गट पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांचे पहिले आठ तास तराजूपाशी जातात. मँगॅनीजच्या के-एजला, म्हणजे त्याचं शोषण एकदम वाढतं त्या ६५३९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेला, शोषणाची उडी साधारण १ हवी. या संयुगासाठी त्याचा अर्थ चौरस सेंटिमीटरला सुमारे १० मिलिग्रॅम. १३ मिलिमीटरच्या डायचं, म्हणजे दाबायच्या साच्याचं, क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंटिमीटर, म्हणून सक्रिय पदार्थ १३.५ मिलिग्रॅम. आमची पूड इलेक्ट्रोडवरून खरवडलेली, तिच्यात ८० टक्के ऑक्साइड, बाकी कार्बन आणि बाइंडर. म्हणून एका पेलेटला १७ मिलिग्रॅम. लोहाची एज ७११२ वर आहे आणि तिथली उडीही जवळपास तेवढीच येते, त्यामुळे एकाच पेलेटवर दोन्ही धातू मोजता येतात. तोटाही याच शेजारामुळे होतो. मँगॅनीजचा एक्झॅफ्स ५७३ इलेक्ट्रॉनव्होल्टनंतर लोहाच्या एजवर आदळून संपतो, म्हणजे वेव्हव्हेक्टर (एक्झॅफ्सच्या लहरी ज्या मापावर मांडतात ते) १२ च्या जरा पुढे. त्यापलीकडचं काहीही मँगॅनीजचं म्हणून वापरता येत नाही.

एवढ्या पुडीची पेलेट नुसती बसत नाही, भराव लागतो. सवयीने सगळे १०० मिलिग्रॅम सेल्युलोज घालतात. इथे ते दोन कारणांनी चुकतं. साडेसहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला १०० मिलिग्रॅम सेल्युलोज एकटंच शोषणात १ ची भर घालतं. शिवाय सेल्युलोजमध्ये ओलावा असतो आणि हे ऑक्साइड ओलावा ओढून घेतं. आम्ही ६० मिलिग्रॅम बोरॉन नायट्राइड वापरलं, १२० अंशांवर निर्वातात रात्रभर वाळवून. ते शोषतं कमी, पण धरतंही कमी. पेलेट पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची आणि ठिसूळ होते. चिरेचं बी इथेच पेरलं गेलं होतं.

दाण्याच्या आकाराबद्दल एक गोष्ट. एजच्या वर या ऑक्साइडमध्ये क्ष-किरणांची शोषण-लांबी सुमारे १७ मायक्रॉन आहे. दाणा तिच्याहून बराच लहान हवा, पाच मायक्रॉनच्या आत असला तर उत्तम. ४०० मेशची चाळणी म्हणजे ३७ मायक्रॉन. तिच्यातून गाळून समाधान मानू नये. ग्लोव्हबॉक्समध्येच, म्हणजे हवाबंद कोरड्या पेटीत, खलात अर्धा तास घोटावं लागतं.

पॅकिंगमध्ये काळजी घेतली होती. कॅप्टॉन टेप, म्हणजे पॉलिइमाइडची चिकटपट्टी, क्ष-किरणांना पारदर्शक असतो म्हणून पुष्कळ जण त्यालाच सील समजतात. पॉलिइमाइडमधून पाण्याची वाफ आरपार जाते. पावसाळी हवेत नुसत्या कॅप्टॉनमध्ये ठेवलेली पेलेट दोन दिवसांत पाणी पिते: थरांतलं अंतर ५.६ अँगस्ट्रॉमवरून ७ च्या आसपास फुगतं, आणि तांब्याच्या नळीवर काढलेल्या एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या विवर्तनाच्या आलेखात) १५.८ अंशांचा पीक विरून १२.५ अंशांपाशी नवा उगवतो. तेव्हा पेलेट कॅप्टॉनमध्ये, कॅप्टॉन ॲल्युमिनियमच्या थराच्या पाऊचमध्ये, पाऊच आर्गॉनखाली उष्णतेने बंद, आणि तो बीमसमोर लावायच्या आधी पाच मिनिटं उघडायचा. हे सगळं बरोबर केलं. पेलेटचा डबा आडवा ठेवायचं राहिलं. रेल्वेचा डबा माणसांनी गच्च भरला होता, रतलामपर्यंत कुणाला पाय पसरायला जागा नव्हती, तरीही ती जागा काढायला हवी होती.

बीमलाइनवरची पहिली संध्याकाळ छान गेली. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं प्रारण मोजणारा), मग हचची, म्हणजे त्या शिशाच्या खोलीची, पद्धत: आत जाऊन शोध-बटणं क्रमाने दाबायची, इशाऱ्याचा आवाज सुरू असताना बाहेर यायचं, दार लावायचं, तेव्हाच शटर उघडतं. आधी मँगॅनीजचं संदर्भ-फॉइल तिसऱ्या आयन चेंबरच्या (किरणांची तीव्रता मोजणाऱ्या वायूच्या पेटीच्या) अलीकडे लावलं. नमुन्यातून निघालेला बीम त्यातूनही जातो, त्यामुळे प्रत्येक स्कॅनसोबत ऊर्जेची खूण आपोआप मिळते. मँगॅनीज ३+ आणि ४+ ऑक्साइडमध्ये एजचा फरक जेमतेम तीन-चार इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. मोनोक्रोमेटर, म्हणजे हवी ती ऊर्जा निवडणारी स्फटिकांची जोडी, ०.३ ने सरकला तर संयुजा ०.१ ने चुकते, आणि आमच्या शेजारच्या दोन नमुन्यांत फरकच तेवढा होता. पहिल्या चेंबरमधल्या वायूने १० ते २० टक्के बीम शोषावा, दुसऱ्यातल्याने ७० ते ९०, असं मिश्रण भरलं. पहिल्या तीन पेलेट सुरळीत गेल्या, उडी ०.९७ ते १.०२.

चौथी लावली आणि उडी आली ०.६६.

वजन वहीत बरोबर होतं, १७.१ मिलिग्रॅम. रात्रीचे साडेबारा वाजले होते. अशा वेळी स्कॅन चालू ठेवून 'नंतर नॉर्मलाइझ करू', म्हणजे उडी गणिताने १ करून घेऊ, म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला, हे त्या रात्रीचं सर्वांत चांगलं काम.

आधी संशय हार्मोनिकवर, म्हणजे निवडलेल्या ऊर्जेच्या पटीतल्या किरणांवर. मोनोक्रोमेटरच्या सिलिकॉन १११ स्फटिकाचं दुसरं परावर्तन निषिद्ध आहे, पण तिसरं चालतं, म्हणजे ६५३९ सोबत १९६१७ चे किरण घुसू शकतात. ते नमुन्यातून जवळजवळ अडथळ्याविना जातात आणि उडी चपटी करतात. बीमलाइनच्या पहिल्या आरशाने ते बहुतेक अडवलेले असतात. तरी दुसरा स्फटिक सूतभर फिरवून तीव्रता ६० टक्क्यांवर आणली. उडी ०.६६ च. मग शटर बंद करून चेंबरचे शून्य-करंट मोजले आणि वजा केले. तरीही ०.६६. मग नमुना एक मिलिमीटर वर सरकवला: ०.९. खाली आणला: ०.७. जागा बदलल्यावर उडी बदलते म्हणजे दोष नमुन्यात आहे, यंत्रात नाही. पेलेट काढली, भिंगाखाली धरली.

चिरेतून बीमचा दहावा हिस्सा काहीही न शोषता निघून गेला तर काय होतं, ते कागदावर मांडून पाहिलं. एजच्या आधी खरं शोषण १ आणि नंतर २ असेल, तर मोजलेलं येतं ०.८४ आणि १.५१. उडी ०.६७. आमचा आकडा जवळपास तोच. खरा घात पुढे आहे. एजच्या वरच्या लहरी उडीपेक्षाही जास्त दबतात, आणि नॉर्मलाइझ केल्यावर त्यांची उंची ८२ टक्केच उरते. फिटमध्ये सहा ऑक्सिजनच्या जागी पाच दिसतात. कुणीही प्रामाणिकपणे 'ऑक्सिजनच्या रिक्त जागा सापडल्या' असं लिहून मोकळा होईल, आणि त्या रिक्त जागा पेलेटच्या चिरेत असतील. नॉर्मलायझेशनने ही चूक पुसली जात नाही. उडी १ करून घेतल्यावर ती फक्त लपते.

आमच्या बाबतीत धोका आणखी मोठा होता, कारण यान-टेलर विकृतीही हेच करते. दोन वेगळ्या अंतरांवरच्या ऑक्सिजनच्या लहरी एकमेकींना खोडतात आणि पहिल्या कवचाची, म्हणजे सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांच्या शिखराची, उंची खरोखर कमी होते. म्हणजे जे मोजायला आलो तेच चीर खोटं निर्माण करत होती. वेगळं ओळखायचं कसं? चीर सगळी कवचं सारख्या प्रमाणात दाबते. विकृती पहिल्याला जास्त. विकृतीसोबत एज खालच्या ऊर्जेकडे सरकते. चिरेने सरकत नाही. आणि सर्वांत खात्रीचा साक्षीदार त्याच पेलेटमध्ये होता: लोह. डिस्चार्ज झालेल्या नमुन्यात ते ३+ असतं, त्याला यान-टेलर विकृती नसते. लोहाची उंचीही पडलेली दिसली तर दोष पेलेटचा. चौथ्या पेलेटवर लोहाची एज घेतली. तिथे पडझड आणखी जास्त होती, कारण त्या ऊर्जेला एकूण शोषण जास्त आणि चिरेची गळती तेवढीच.

मग सगळ्या पेलेट भिंगाखाली गेल्या आणि चिरलेल्या चार बाजूला निघाल्या. बीमलाइनवरच्या शास्त्रज्ञांनी रात्री दीड वाजता आर्गॉनचा सिलिंडर आणि ग्लोव्हबॅग काढून दिली. कपाळावर आठी नाही, उपकाराची भाषा नाही. बॅग तीन वेळा भरून रिकामी केली. आत पेलेट फोडून पुन्हा घोटली, डाय भरला, डायला आतच पॉलिथिनच्या दोन पिशव्या बांधल्या आणि तसाच बाहेर काढून प्रेसमध्ये ठेवला. दोन टन, दोन मिनिटं. दाब एकदम सोडायचा नाही. बोरॉन नायट्राइडची पेलेट झटक्याने मोकळी झाली की टोपीसारखी वरची चकती सुटते. मिनिटभर घेऊन हळूहळू उतरवायचा. यावेळी प्रत्येक पेलेट स्पंजच्या दोन चकत्यांमध्ये, सपाट.

पुन्हा लावलेली चौथी पेलेट: उडी ०.९८. वर एक मिलिमीटर, ०.९७. खाली, ०.९९. स्कॅनला पाऊण तास, असे तीन स्कॅन. १.५ व्होल्टच्या नमुन्याचा एक्झॅफ्स पडद्यावर उलगडला तेव्हा बाहेर उजाडलं होतं. मँगॅनीजचं पहिलं कवच खरोखर बुटकं आणि एका बाजूला कललेलं होतं, एज खाली सरकलेली, आणि त्याच पेलेटमधलं लोह आपल्या सहा ऑक्सिजनसह ताठ उभं. दोन धातू, एकाच थरात शेजारी, एक ताणलेला आणि एक नाही. ते बघताना खोलीत कुणी बोललं नाही.

पुढचे दोन दिवस उरलेल्या नमुन्यांत गेले. परतीच्या गाडीत पेलेटचा डबा खालच्या बर्थवर, उशीच्या जागी, आडवा होता.