केला की झाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दाढीला साबण लावता लावता आमच्या सलूनवाल्यानेही तेच विचारलं : "काका, तुम्ही विमानं दुरुस्त करायचात ना? खरं सांगा, अहमदाबादला पायलटनेच केलं ना?" (नाशकात विमान म्हटलं की ओझरचा विमान कारखाना, पण माझी नोकरी बाहेरगावी झाली. निवृत्तीनंतर इथे आलो.)

माझी गाडी एका क्रियापदावर अडते.

12 जून 2025 ला अहमदाबादहून उडालेलं एअर इंडियाचं ते विमान पडलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जीव गेले. बरोबर महिन्याने विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी ब्युरोचा प्राथमिक अहवाल आला. 15 पानं, इंग्रजीत. त्यात लिहिलंय की उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'ला (बंद) 'ट्रान्झिशन' झाले, म्हणजे एका स्थितीतून दुसरीत गेले. दहाएक सेकंदांनी पहिला परत 'रन'ला, मग चार सेकंदांनी दुसरा. त्या वाक्यात कर्ता नाही. तो मुद्दामच ठेवलेला नसावा.

मराठीत मात्र पंचाईत होते. 'बंद केले' म्हटलं की कोणाचा तरी हात आला. 'बंद झाले' म्हटलं की आपोआप. 'कटऑफवर गेले' हे त्यातल्या त्यात प्रामाणिक, पण त्याचा मथळा होत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात 'केले' होतं, चॅनेलवर 'पायलटने केले' आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर 'का केले'.

कॉकपिटमधल्या संभाषणाचंही तेच. एक जण विचारतो, का बंद केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोणी कोणाला, हे अहवालात नाही. चॅनेलवर दोघांनाही चेहरे मिळाले.

तो स्विच कसा असतो ते सलूनवाल्याला बोटांनी दाखवलं. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यांच्या, खाली दोन छोटे खटके. नुसते ढकलून हलत नाहीत. आधी वर उचलायचा, मग खाचेवरून पलीकडे न्यायचा. "म्हणजे पायलटच!" तो म्हणाला. अरे, थांब. त्याच अहवालात अमेरिकी नियामकाच्या 2018 च्या पत्रकाचा उल्लेख आहे : काही बोईंग 737 विमानांत या स्विचचं लॉक सुटलेलं आढळलं होतं. लॉक तपासण्याची ती नुसती सूचना होती, सक्ती नव्हती, म्हणून या विमानात ती तपासणी झाली नव्हती. काही जणांनी तेवढंच उचललं. दोन्ही परिच्छेद वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

पायलट चुकतच नाहीत असं कोण म्हणतंय? 2020 मध्ये केरळात कोळिकोडला विमान धावपट्टीच्या पुढे घसरलं, त्या अपघाताच्या अंतिम अहवालाने विमान चालवणाऱ्या पायलटने ठरलेली पद्धत पाळली नाही असंच म्हटलं. पण त्याच अहवालात त्याच्या बाजूचा बंद पडलेला वायपर आहे, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान नेण्याची त्याची घाई आहे, आणि तिथे कॅप्टन कमी होते हेही आहे. बातमीत उरलं ते पहिलं वाक्य.

एका हँगरातली गोष्ट सांगतो, गाव सांगत नाही. तिथे हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली असायची. शिफ्ट संपताना एक आकृती रिकामी दिसली. 10 नंबरचा सॉकेट, पान्याच्या टोकाला लावायचा. तो सापडेपर्यंत विमान हलणार नव्हतं. आमचे इन्स्पेक्टर आले, आम्हा सहा जणांकडे बघितलं आणि म्हणाले, "शेवटचा कुठल्या पॅनेलला लावला होता?" कोणी, ते विचारलंच नाही. मी चटकन पॅनेल सांगितलं. टॉर्च घेऊन दोन तास शोधलं. सॉकेट कंट्रोल रॉडच्या शेजारी, ग्रीसमध्ये रुतलेला होता. त्यांनी तो पुसला, फळीवर लावला आणि वहीत लिहिलं : 'सॉकेट आत राहिला होता. काढला.'

ठेवला मीच होता.