राजाचा चेहरा घासून केलेली पेनी : माझा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज शेवटी पेनी समोर ठेवूनच बसलेय. ब्रिटनचं जुनं नाणं, तांब्याची आहे, 1797 ची, पण तिच्यावर आता ना राजा आहे ना ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली ती स्त्री. दोन्ही बाजू कोणीतरी घासून सपाट केल्यात. एका बाजूला बाणाने छेदलेलं बदाम आणि दोन अक्षरं, जे. टी., दुसऱ्या बाजूला चार ओळी, आणि हे सगळं बारीक बारीक टिंबांनी टोचलेलं. ही मिळवायला आणि मुख्य म्हणजे वाचायला मला दीड वर्ष लागलं, त्याची ही गोष्ट.

मी मूळची नाशिकची, गेली नऊ वर्षं बर्मिंगहॅमला. नाण्यांची आवड तशी जुनी, शाळेची सहल अंजनेरीच्या नाण्यांच्या म्युझियमला गेली होती तेव्हापासूनची, पण गोळा वगैरे काही करत नव्हते. मग लंडनला एका शनिवारी ब्रन्सविक स्क्वेअरजवळच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये गेले. अठराव्या शतकात ज्या आयांना मूल सांभाळणं शक्य नव्हतं त्या आपलं बाळ फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये (नाव हॉस्पिटल, पण खरं तर अशा मुलांचं अनाथालय) ठेवून जायच्या, आणि कधी परत न्यायला आलोच तर ओळख पटावी म्हणून सोबत एखादी खूण ठेवायच्या. कापडाचा तुकडा, बटण, अंगठी, आणि नाणी. काही नाण्यांना भोक पाडलेलं, काहींवर अक्षरं कोरलेली. परत नेली गेलेली मुलं फार थोडी. त्या काचेच्या पेटीसमोर मी किती वेळ उभी होते माहीत नाही, नवरा दोनदा येऊन विचारून गेला, बरी आहेस ना?

घरी आल्यावर वाचायला लागले आणि कळलं की नाणं घासून त्यावर आपल्या माणसासाठी अक्षरं कोरायची ही पद्धत ब्रिटन-अमेरिकेत चांगली रुजलेली होती, आणि अशा नाण्यांना लव्ह टोकन म्हणतात. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये चांदीचा सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेन्सचं नाणं, दोन ठिकाणी वाकवून द्यायचे, एस अक्षरासारखा. अमेरिकेत 1870 नंतर तर ह्याची लाटच आली, सीटेड लिबर्टी डाइम म्हणजे जेमतेम 18 मिलिमीटरचं चांदीचं नाणं, त्याची एक बाजू घासून वळणदार अक्षरं कोरून द्यायची, मुली मैत्रिणींकडून-नातेवाइकांकडून अशी डाइम जमवून त्यांचं ब्रेसलेट करायच्या. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच मेसेज, अगं ही तर पुतळ्यांची माळच झाली की!

तर ठरवलं, आपणही एक घ्यायचं. आणि पहिलंच फसलं.

ऑनलाइन एक व्हिक्टोरियाचा सिक्सपेन्स दिसला, मागच्या बाजूला वेलबुट्टी आणि मधोमध एक अक्षर, 28 पौंडाला घेतला. हातात आल्यावर सुंदर वाटला, फार सुंदर वाटला. महिन्याभराने इथल्या एका कॉइन फेअरला तो घेऊन गेले. तिथे टेबल लावून बसलेल्या एका म्हाताऱ्या डीलर आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं, दहा सेकंदं बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाले, आधी ओरखडे बघ. मी बघितलं. म्हणाले, आता सांग, ओरखडा अक्षरावरून जातोय की अक्षर ओरखड्याला कापतंय?

अक्षर ओरखड्याला कापत होतं. म्हणजे नाणं आधी शंभर वर्षं झिजलं, खिशात खडखडलं, आणि कोरीवकाम त्यानंतरचं, बहुधा परवाचं. खरं टोकन कोरल्यानंतर वर्षानुवर्षं अंगावर वागवलेलं असतं, त्यामुळे झीज अक्षरांवरूनही गेलेली असते, चिरांच्या कडा बोटाला बोचत नाहीत, आणि चिरेच्या आतला रंग नाण्याच्या बाकीच्या रंगाशी जुळतो. माझ्या सिक्सपेन्सच्या चिरा आतून चकचकीत होत्या आणि सगळ्या अगदी एकाच खोलीच्या. माणसाचा हात असं कोरत नाही, वळणावर दाब वाढतो, शेवटाला कमी होतो. मला त्या दिवशी रडायलाच आलं, पैशांपेक्षा जास्त म्हणजे त्या अक्षराबद्दल मी मनात एक अख्खं माणूस उभं केलं होतं आणि ते माणूस नव्हतंच.

पण आजोबांनी मला टेबलापाशी बसवून घेतलं आणि त्यांच्याकडची आठ-दहा टोकन एकेक करून दाखवली. हे मी कधी विसरणार नाही. त्यांच्याकडूनच शिकले की खालच्या मूळ नाण्याला होस्ट कॉइन म्हणतात, की तीन अक्षरं गुंफलेली असली तर मधलं मोठं अक्षर बरेचदा आडनावाचं असतं, आणि मागे पिनचे डाग दिसले तर घाबरायचं नाही, ब्रोच करून घातलेलं असतं.

बऱ्याच नाणेसंग्राहकांच्या लेखी हे सगळं बिघडलेलं नाणं. राजाचा चेहरा गेला, साल गेलं, मग उरलं काय? मला हे अजिबात पटत नाही. टांकसाळीतून लाखो पेन्या निघाल्या, सगळ्या सारख्या. त्यातली ही एक कोणीतरी बाजूला काढली, तासन् तास घासली, आणि ती परत कधी खर्च होणार नाही अशी व्यवस्था केली, एका माणसासाठी. मला तर ती तिथून पुढेच खरं नाणं वाटायला लागते.

ह्या पेनीची गाठ पडली ती पुढच्या वर्षी, त्याच फेअरला, त्याच टेबलावर. आजोबांनी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. किंमत माझ्या बजेटच्या बरीच वर होती, पण त्यांनी चार हप्त्यांत घेऊ दिली. म्हणाले, ही तुझ्या गावची आहे. मला कळेना. मग त्यांनी कड दाखवली. 1797 ची कार्टव्हील पेनी मॅथ्यू बोल्टनच्या सोहो मिंटमध्ये वाफेच्या यंत्रावर पाडलेली, आणि सोहो मिंट म्हणजे इथेच, बर्मिंगहॅमच्या हॅन्ड्सवर्थ बाजूला, माझ्या घरापासून बसने वीस मिनिटं. बोल्टनचं राहतं घर अजून आहे, म्युझियम केलंय. गाडीच्या चाकासारखी रुंद उंच कड, म्हणून कार्टव्हील. घासणाऱ्याने मधला भाग सपाट केला पण कड पूर्ण गेली नाही, कडेवरच्या "ब्रिटानिया" ह्या शब्दातली शेवटची दोन-तीन अक्षरं भिंगाखाली अजून लागतात.

मूळ पेनी बरोब्बर एक औंसाची, म्हणजे 28 ग्रॅमच्या थोडी वर, आपल्या दहाच्या नाण्याच्या साडेतीन पटीहून जास्त. मी माझी किचनमधल्या छोट्या काट्यावर ठेवली तर 23.6 भरली. चलनातली झीज सोडा, तरी त्यातलं तीन-चार ग्रॅम तांबं कोणीतरी दगडावर की फरशीवर बसून हाताने उतरवलंय. हा आकडा बघितल्यावर मी जरा वेळ गप्पच बसले.

कारण हे काम बहुतेक तुरुंगात झालंय. ब्रिटनमधून 1787 ते 1868 ह्या काळात जवळजवळ 1,62,000 कैदी ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले, सात वर्षं, चौदा वर्षं नाहीतर जन्मभरासाठी. सात वर्षांची शिक्षा संपली तरी परतीच्या जहाजाचं भाडं ज्याचं त्याने भरायचं, त्यामुळे कित्येकांसाठी सात म्हणजे कायमचंच. जायच्या आधी हे लोक पेनी घासून त्यावर नाव, तारीख, चार ओळी टोचून किंवा कोरून, नाहीतर कसबी कैद्याकडून करून घेऊन मागे राहणाऱ्या माणसाला द्यायचे. तांब्याची असूनही त्यांना लेडन हार्ट्स म्हणायचे, शिशाची काळजं. कॅनबराच्या नॅशनल म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलियात अशी तीनशेहून जास्त टोकन आहेत, बरीचशी 1820-30 च्या दशकांतली, आणि त्यांचे फोटो मी रात्र रात्र बघितलेत, माझ्या पेनीच्या ओळी लावायला.

लागत नव्हत्या ना पण! टिंबं झिजलेली, समोरून बघितलं तर नुसती खरबरीत तांब्याची चकती. मी फोटो काढले, मोठे केले, काळे-पांढरे केले, तीन आठवडे गेले, बदाम आणि दोन अक्षरांच्या पुढे गाडी जाईना. एकदा तर चिंच-मीठ लावून घासायचा मोह झाला होता, देवाची कृपा की नाही घासली. (कोणीही घासू नका, जुन्या तांब्याचा तो तपकिरी थर गेला की गेला. आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, माझ्या एका डाइमवर त्याने हिरवा चिकट डाग पडलाय.)

शेवटी सोडवलं आईने. रविवारचा व्हिडिओ कॉल चालू होता, मी पेनी कॅमेऱ्यासमोर धरली. आई म्हणाली, "अगं, हे ताटावरच्या नावासारखं आहे, टिंबाटिंबाचं. असं समोरून कसं दिसेल? उजेड आडवा धर."

आमच्याकडे लग्नात आलेल्या प्रत्येक ताटा-तांब्यावर नाव आहे. नाशिकच्या भांडी बाजारात भांडं घेतलं की दुकानाबाहेर बसलेला माणूस छोट्या छिन्नीने टकटक टकटक करत नाव टाकून द्यायचा, आजीचं, मामाचं, तारीख, "सप्रेम भेट". आणि वर्षानुवर्षं राखेने घासून ती टिंबं पुसट झाली की आई ताट खिडकीपाशी तिरकं धरून वाचायची, हे मामीचं, हे आपलं. मी हे शंभर वेळा बघितलेलं आणि तरी मला सुचलं नाही.

दिवे घालवले, मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून आडवा लावला आणि पेनी हळूहळू फिरवली. प्रत्येक टिंबाची सावली पडली आणि अक्षरं अशी वर आली! पहिल्या दोन ओळी त्या काळी अनेक टोकनांवर असायच्या त्याच, हे पाहशील तेव्हा माझी आठवण ठेव. तिसऱ्या ओळीत सात वर्षं. चौथ्या ओळीत 1831. आणि "रिमेंबर" लिहिताना त्याचा अंदाज चुकलाय, कडेपाशी जागा संपली, म्हणून शेवटची तीन अक्षरं बारीक करून एकमेकांना चिकटून वर चढवलीत. आईला सांगितलं तर म्हणाली, आपल्या मोठ्या पातेल्यावर "कुलकर्णी"मधलं "र्णी" असंच वर गेलंय.

आता माणूस शोधायचं काम चालू आहे. ओल्ड बेली ह्या लंडनच्या फौजदारी कोर्टातल्या खटल्यांच्या नोंदी ऑनलाइन फुकट आहेत, 1674 पासूनच्या, त्यात वर्ष आणि शिक्षा टाकून गाळता येतं. पण जे. टी. म्हणजे जॉन, जेम्स, जोसेफ आणि टेलर, टर्नर, थॉमस, विचारू नका. शिवाय ओल्ड बेली म्हणजे फक्त लंडन आणि आसपास, बाकीच्या परगण्यांचे खटले वेगळीकडे. म्हणून आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधली जहाजवार रजिस्टरं धरलीत, त्यात कैद्याचं नाव, कुठे शिक्षा झाली आणि किती वर्षं एवढं असतं. 1831 सालची, आणि 1832 च्या सुरुवातीची पण, कारण शिक्षा झाल्यावर जहाज मिळेपर्यंत महिने जायचे.

आई दर रविवारी विचारते, तुझा जे. टी. सापडला का गं. अजून नाही. वहीत सव्वीस नावं उरलीत.