नवरा काही म्हणत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी जुन्या सायकली जमवते हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न सायकलींबद्दल नसतो. ‘नवरा काही म्हणत नाही का?’ हा असतो. हाच छंद असलेल्या पुरुषांनाही ‘बायकोला चालतं का?’ विचारतात, पण हसत हसत. मला विचारणारे खरोखर काळजीने विचारतात. त्यांची काळजी अगदीच अनाठायी नाही. छंद महाग आहे, जागा अडवतो, घरात रॉकेलचा आणि ग्रीसचा वास येतो, आणि यातला बराचसा भार अशा माणसावर पडतो ज्याला सायकलीत काडीचा रस नाही. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

म्हणतो. बरंच काही म्हणतो. आणि तो म्हणतो, मी ऐकते, म्हणूनच हे इतकी वर्षं चाललंय.

आधी पैशांबद्दल, कारण हा छंद महाग का आहे हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. वाटतं की जुनी सायकल विकत घेताना पैसे जातात. ते जातातच, पण खरी गळती नंतर लागते, आणि ती लागते आट्यांमध्ये. पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्याला बसतात तो एक्सल फ्रेमच्या तळाशी ज्या आडव्या नळीत फिरतो, त्या बॉटम ब्रॅकेटमध्ये दोन्हीकडून कप, म्हणजे छर्रे फिरण्याच्या वाट्या, फिरवून बसवलेले असतात. इंग्लिश फ्रेमला इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, म्हणजे चालवता चालवता तो आपोआप सैल होऊ नये. इटालियन फ्रेमचा व्यास ३६ मिलिमीटर, आटे दोन्हीकडे सुलटे. जुन्या फ्रेंच फ्रेमचा ३५ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर, आणि तेही दोन्हीकडे सुलटे. त्यात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या सायकलींसाठी कितीतरी दशकं इंचाला २६ आट्यांचं स्वतःचं वेगळंच माप ठेवलं होतं. इंग्लिश आणि फ्रेंच व्यासांतला फरक पाव मिलिमीटरसुद्धा नाही. त्यामुळे चुकीचा कप पहिला वेढा बिनबोभाट जातो, थोडा जोर लावला की बसेल असं वाटतं, आणि आटे पिसळतात. शंभर वर्षं टिकू शकली असती अशी फ्रेम पाच मिनिटांत कामातून जाते.

टायरचंही तेच. ‘२६ इंच’ या एकाच नावाखाली ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ मिलिमीटरच्या रिम होऊन गेल्या आहेत, आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. क्रँक काढायचा पुलर बहुतेकांना २२ मिलिमीटरचा लागतो, पण स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपनीच्या जुन्या क्रँकना २३.३५ आणि टी.ए. या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या क्रँकना २३. चुकीचा पुलर लावला तर क्रँकचे आटे बाहेर येतात आणि क्रँक जागचा हलत नाही. म्हणजे सायकल एक आणली तरी तिच्यासाठी पान्हे, पुलर, कप, कोन (कपातल्या छर्ऱ्यांना आतून धरणारे शंकू), असं सगळं वेगळं उभं करावं लागतं. सिम्प्लेक्स कंपनीचे साठ-सत्तरच्या दशकांतले प्लास्टिकचे डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारे भाग, तर हातात घेतानाच तडकलेले निघतात. शिवाय अख्ख्या सायकलीपेक्षा तिचे भाग सुटे विकले की जास्त पैसे येतात, म्हणून विकणारे चांगल्या सायकली फोडतात. मला हे सायकलींशी केलेलं वैर वाटतं. अशी फोडलेली फ्रेम स्वस्त दिसते म्हणून उचलायची आणि मग तिचे भाग एकेक करून शोधायचे, यासारखा खर्चिक मार्ग दुसरा नाही. नवीन माणसाला मी एवढंच सांगते: पूर्ण सायकल घे, गंजलेली असली तरी चालेल.

एवढं करून हातात काय येतं? मला जे हवं ते येतं. या सायकलींमधला जवळजवळ प्रत्येक भाग खोलता येतो. कप, कोन, छर्रे, वॉशर. झिजलेलं बदलायचं, उरलेलं धुऊन, ग्रीस भरून परत बसवायचं. ओव्हरऑइल करून झालेली सत्तर वर्षांपूर्वीची सायकल रस्त्यावर काढली की ती नुसती दिसायला जुनी असते, चालायला नसते. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा ए.डब्ल्यू. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १९३६ साली आला. तीन गिअर, सगळे मागच्या हबच्या पोटात. मधला जसाच्या तसा, खालचा पाव हिश्शाने हलका, वरचा एक तृतीयांशाने जड. आत मधोमध एक्सललाच कोरलेलं चाक, त्याच्याभोवती फिरणारी चार छोटी चाकं, आणि बाहेरून दात्यांचं कडं. एवढ्यात सगळं भागवलंय. कंपनी २००० साली बुडाली, इंग्लंडमधलं उत्पादन तैवानला गेलं, तरी त्या हबचे सुटे भाग अजून मिळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये तो टिकटिक करतो, पहिल्यात गप्प असतो. माझ्या नवऱ्याला सायकलींमधलं फारसं कळत नाही, पण मी घराच्या कोपऱ्यावर वळले की कोणत्या गिअरमध्ये आहे ते तो आतून सांगतो.

तर आमचं ठरलंय काय, ते सांगते. छंदाचे पैसे माझ्या कमाईतून, वेगळ्या खात्यात, ठरलेल्या रकमेत. त्या रकमेच्या आत तो विचारत नाही. त्याच्या बाहेर जायचं असेल तर दोघांनी बसून ठरवायचं, आणि तो नको म्हणाला तर नको. एखादी सायकल विकली तर पैसे परत त्याच खात्यात. किंमत मी नेहमी खरी सांगते. या छंदात किंमत निम्मी करून सांगणारे पुष्कळ आहेत, ‘मित्राची आहे, ठेवायला दिलीय’ म्हणणारेही आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही. पैशांची चणचण दोन माणसं मिळून काढतात. लपवलेला आकडा सापडला की मग प्रत्येक जुन्या सायकलीकडे संशयाने बघितलं जातं, आणि तो संशय पुसायला वर्षं जातात. असं झालेली घरं मी जवळून बघितली आहेत.

आणखी एक. ही गुंतवणूक आहे असं मी घरात कधीही म्हटलेलं नाही, कारण ती नाही. रेने एर्स या नामांकित फ्रेंच कारागिराच्या हातची फ्रेम, किंवा एखाद्या नामांकित शर्यतपटूने खरोखर चालवलेली आणि तसे कागद असलेली सायकल, यांना भाव येतो. बाकी आपल्यासारख्यांच्या भिंतीवर असतात त्या सायकलींवर रंग, क्रोम, टायर, वाहतूक धरून जेवढा खर्च होतो, तेवढा विकताना बहुधा सुटत नाही. चांगल्या जेवणाचे, प्रवासाचे पैसे परत मागतं का कोणी? तसेच हे गेलेले पैसे आहेत, आनंदासाठी गेलेले. हे सरळ सांगितलं की घरचा माणूस सरळ हो किंवा नाही म्हणू शकतो.

खरा तंटा पैशांवरून होत नाही, जागेवरून होतो. सायकल पावणेदोन मीटर लांब, आणि हँडल अर्ध्या मीटरहून रुंद. पुढचं चाक हुकाला अडकवून उभी टांगली तर जमीन वाचते, पण हँडल खोलीत येतं. हँडल सैल करून आडवं फिरवलं की भिंतीला लागून बसते. ही युक्ती त्याची. बसायच्या खोलीत एकही सायकल नाही, स्वयंपाकघरात एकही भाग धुवायचा नाही, आणि नवी आली की जुनी एक जाणार. शेवटचा नियम मला सुरुवातीला जाचक वाटला होता. आज मी म्हणेन की माझ्या संग्रहाला आकार आला तो त्यानेच. कारण प्रत्येक वेळी ठरवावं लागतं: ही का ठेवायची? मग हळूहळू कळलं की मला शर्यतीच्या सायकली नकोतच. मला रोज वापरल्या गेलेल्या सायकली हव्यात, आणि त्यातही बायकांच्या.

यावर थोडं थांबते. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीवर लांब झग्यात चढणं जवळजवळ अशक्य होतं. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये डनलपचा हवेचा टायर आला. मग मधली दांडी खाली वाकवलेल्या फ्रेम आल्या, मागच्या चाकात झगा अडकू नये म्हणून मडगार्डला दोऱ्यांची जाळी आली. पुढे फ्रेंच कारखान्यांनी मिक्स्त फ्रेम लोकप्रिय केली: हँडलच्या नळीपासून निघून मागच्या एक्सलपर्यंत थेट उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या. इतकी देखणी रचना, पण संग्राहक तिच्याकडे ‘लेडीज’ म्हणून बघतही नाहीत, आणि भाग काढून घेण्यासाठी ती सर्रास फोडली जाते. या सायकली कोणीतरी अख्ख्या ठेवायला हव्यात. मी ठेवते.

यात नवऱ्याचा हातभार काय? टॉर्च धरतो, आणि हे मी गमतीत सांगत नाही. सायकल बघायला गेलो की मी हँडलखालच्या जोडाच्या मागे, तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवते. समोरून धडक बसलेली असेल तर तिथे रंगाखाली बारीकशी सुरकुती लागते. ती डोळ्यांनी सहज दिसत नाही, टॉर्च आडवा धरला तर सावलीत दिसते. तो बरोबर तिथे, तसाच आडवा धरतो. घरी कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलवर पक्का धरणारी खुंटी, प्रेसने निघाली नाही तर ठोकावी लागते. त्या वेळी क्रँकखाली लोखंडी पाइप टेकवून धरायला दुसरा माणूस लागतो. पाइप नसेल तर घाव छर्ऱ्यांवर आणि कपांवर जातो, तिथे खड्डे पडतात. हातोडी माझ्या हातात, पाइप त्याच्या हातात. हातोडीखाली बोटं द्यायला समोरच्यावर भरवसा लागतो.

सायकलवाल्यांमध्ये एक सूत्र फिरत असतं: आपल्याला किती सायकली हव्यात? आहेत त्याहून एक जास्त. त्याचाच दुसरा भाग असा की जोडीदार घर सोडून जाईल त्या आकड्याहून एक कमी. लोकांना ते फार आवडतं. मला नाही आवडत. त्यात जोडीदार म्हणजे तुटेपर्यंत ताणून बघायची दोरी होऊन बसतो. ज्याच्या घरात आपण राहतो, त्याची मर्यादा कुठे आहे हे त्याला विचारून कळतं, ताणून बघायची गरज नसते.

आणि मग त्याने एकदा विचारलेला प्रश्न. चहा घेता घेता, अगदी साधेपणाने. “तुला काही झालं तर यांचं मी काय करू?”

मला उत्तर देता आलं नाही. कुठली सायकल मोलाची, कुठली फक्त माझ्या जीवाची, डब्यातली ती चार वॉशर भंगार आहेत की कुठेच न मिळणारी, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. माहीत असावं म्हणून मी काही केलंही नव्हतं. संग्रह करणाऱ्याच्या माघारी हे सगळं जोडीदाराच्या अंगावर पडतं, आणि दुःखात असलेला माणूस पहिल्या येणाऱ्याला मिळेल त्या भावाला सगळं देऊन टाकतो. मोठमोठे संग्रह असे विखुरलेत.

तेव्हापासून आमच्याकडे वही आहे. लिहितो तो, अक्षर त्याचं चांगलं. प्रत्येक सायकलीला एक पान: फ्रेम नंबर आणि तो कुठे ठोकलाय, हबवरचं वर्ष-महिना (स्टर्मीच्या हबवर तो कोरलेला असतो, पण चाक नंतर बदललेलं असू शकतं, म्हणून हबचं वर्ष म्हणजे सायकलीचं वर्ष असं धरायचं नाही), बॉटम ब्रॅकेटचे आटे, सीटपोस्टचा व्यास, खरेदीची किंमत, नंतरचा खर्च, मूळचे भाग कोणते आणि मी बदललेले कोणते. काढलेले मूळ भाग कुठल्या डब्यात आहेत तेही. शेवटी दोन ओळी: आज विकली तर साधारण किती यावेत, आणि कोणाला आधी विचारायचं. ज्यांच्यावर ‘फोडून विकू नये’ असं लिहिलंय ती पानं बरीच आहेत. दरवर्षी एकदा आम्ही ती बसून वाचतो आणि आकडे दुरुस्त करतो. ज्याच्या घरी असा संग्रह आहे त्याने आजच्या आज अशी वही करावी असं मला फार मनापासून वाटतं.

सध्या सत्तरच्या दशकातल्या एका मिक्स्तचं बोलणं चालू आहे. रंग मूळचा, मडगार्ड दोन्ही, चेनकव्हरला एक पोचा. बॉटम ब्रॅकेटचे फोटो यायचेत. कप मूळचे असतील आणि आटे शाबूत असतील तर घेईन, नाहीतर सोडून देईन. रक्कम खात्यात बसते, त्यामुळे त्याची ना नाही. त्याने फक्त कोणती जाणार ते आधी ठरवायला सांगितलंय, आणि ते पान मी त्याला काढून दाखवलंय.