तुम्ही विचारलेत म्हणून: विमानाचा एक पंख लांब का?

माझे कंट्रोल लाइन स्टंट विमान (तारांना बांधून हवेत कसरती करायला लावायचे मॉडेल विमान) जवळून पाहणारे बहुतेक जण काही वेळाने पंखांच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने पाहू लागतात आणि संकोचून विचारतात, "डावा पंख उजव्यापेक्षा लांब दिसतो. मापात काही चुकले का?" चुकलेले नाही. डावा पंख मुद्दाम लांब ठेवला आहे, उजव्या पंखाच्या टोकात मुद्दाम शिसे भरले आहे आणि रडर, म्हणजे शेपटीवरची उभी पट्टी, हीही मुद्दामच किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेली आहे. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

हे विमान सुमारे 20 मीटर लांबीच्या दोन पोलादी लाइन्सना बांधलेले असते आणि त्या लाइन्स मध्यभागी उभ्या असलेल्या वैमानिकाच्या हातातील हँडलला जोडलेल्या असतात. हँडल वर-खाली वाकवले की एक लाइन ओढली जाते, दुसरी सुटते, पंखाच्या पोटातील बेलक्रँक (लाइन्सची ओढ पुढे पोचवणारी फिरती तरफ) फिरतो आणि पुशरॉड या दांडीमार्फत एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) व फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) हलतात. विमानाचे नाक वर किंवा खाली करणे, एवढेच वैमानिकाच्या हाती असते. विमान कोणत्या कुशीवर कलेल, नाक वर्तुळाच्या आत वळेल की बाहेर, लाइन्स ताठ राहतील की सैलावतील, हे सारे बांधणाऱ्याने टेबलावरच ठरवून टाकलेले असते. म्हणूनच या छंदात विमान उडवणे आणि विमान बांधणे या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

आता लांब पंखाविषयी. विमान वर्तुळात फिरत असल्यामुळे केंद्राजवळचा, म्हणजे आतला (माझ्या विमानात डावा) पंख बाहेरच्या पंखापेक्षा सावकाश जातो. पंखांचा एकूण विस्तार दीड मीटर आणि त्रिज्या 20 मीटर धरली, तर दोन्ही पंखांच्या मध्यबिंदूंच्या वेगांत साधारण पावणेचार टक्के फरक पडतो. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तिच्यातला फरक सुमारे साडेसात टक्के होतो. शिवाय लाइन्सच्या वजनाचा मोठा वाटा आतल्या पंखाच्या टोकावर येतो. अशी विमाने रचणाऱ्या जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या 1950च्या दशकातील नोब्लर या विमानातही आतला पंख लांब होता आणि पुढच्या अनेक रचनांनी तोच मार्ग धरला. माझे मत मात्र असे बनले आहे की हा फरक जितका कमी ठेवता येईल तितका बरा. आतला पंख फार लांब केला की त्याच्या जादा उचलीला तोलण्यासाठी बाहेरच्या टोकात अधिक शिसे भरावे लागते, आणि टोकाशी साठलेले वजन विमानाला जड व आळशी करते.

टोकातल्या त्या वजनाची परीक्षा कशी घ्यायची, हे मला माझ्याच एका विमानाने शिकवले. चौकोनी लूपच्या (चार कोपऱ्यांच्या कोलांटीच्या) प्रत्येक कोपऱ्यात ते विमान कलत असे आणि मी कित्येक दिवस पंखाला पीळ पडला आहे असे समजून फ्लॅप वाकवत बसलो होतो. शेवटी मी शांतपणे दोनच गोष्टी पाहिल्या. सरळ उडताना बाहेरचा पंख किंचित खाली होता. उलटे उडतानाही बाहेरचाच पंख खाली होता. पंखाला पीळ असता तर उलट्या उड्डाणात कल बदलून बाहेरचा पंख वर गेला असता. दोन्ही वेळा तोच पंख खाली, म्हणजे दोष वजनाचा होता. टोकाच्या पेटीचे झाकण उघडून मी शिशाचा एक लहान तुकडा काढला, पुन्हा उडवले, आणखी एक काढला, आणि तिसऱ्या उड्डाणात कोपऱ्यातून बाहेर पडताना पंख ज्या स्वच्छपणे सपाट थांबले, ते दृश्य मी विसरलेलो नाही.

लाइन्स पंखातून नेमक्या कुठून बाहेर पडाव्यात, हाही तितकाच नाजूक निर्णय आहे. हवेच्या विरोधामुळे लाइन्स मागे वाकतात, त्यामुळे लीडआउटची, म्हणजे लाइन्स पंखातून बाहेर पडतात त्या ठिकाणाची, जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे ठेवावी लागते. ती फार मागे नेली तर नाक बाहेर वळते, ताण वाढल्यासारखा वाटतो, पण डोक्यावरच्या आकृत्यांत विमान तिरके घसरू लागते. फार पुढे आणली तर नाक आत वळते आणि लाइन्स सैल पडतात, जे सर्वांत धोक्याचे. मी लीडआउटची पट्टी नेहमी सरकती ठेवतो, कारण कागदावर काढलेली जागा मैदानावर क्वचितच बरोबर ठरते. फिरत्या पंख्याच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे कोपऱ्यात नाक बाजूला वळते, त्यावर अल रेब या स्टंट वैमानिकाने एलेव्हेटरबरोबर हलणारा रडर योजला होता. तो काम करतो, पण त्याचे माप जुळवायला फार चिकाटी लागते.

खरी ओढाताण फ्लॅपमध्ये आहे. एलेव्हेटर वर जातो तेव्हा फ्लॅप खाली येतो आणि पंखाची उचल वाढते, म्हणून विमान लहान त्रिज्येत वळू शकते. सव्वापाच सेकंदांत एक फेरी, म्हणजे सेकंदाला सुमारे 24 मीटर वेग. या वेगाने साडेचार मीटर त्रिज्येचा कोपरा घ्यायचा तर पंखांना विमानाच्या वजनाच्या जवळपास 13 पट भार पेलावा लागतो. फ्लॅपशिवाय एवढी उचल मिळवणे फार कठीण, आणि तरीही फ्लॅप नाकाला खाली ढकलतो, म्हणजे जे वळण हवे त्याच्याच विरोधात काम करतो. मग शेपूट मोठी करावी लागते किंवा फ्लॅपची हालचाल एलेव्हेटरपेक्षा कमी ठेवावी लागते. त्यातच फ्लॅप वाऱ्यात वाकवण्याचे बळ लाइन्सच्या ताणातूनच येते. पावणेदोन किलोच्या विमानाचा सपाट उड्डाणातला ताण पाच किलोच्या आसपास असतो, डोक्यावर विमानाचे वजन त्यातून वजा होते आणि तेवढ्या उरलेल्या ताणात रुंद फ्लॅप हलेनासे होतात. पूर्वी वापरात असलेल्या सुमारे 75 मिलिमीटरच्या बेलक्रँकऐवजी अनेक बांधणारे 100 मिलिमीटरचा घेऊ लागले, ते याच कारणाने. मला अरुंद फ्लॅप आणि मोठी शेपूट ही जोडी अधिक भावते. कोपरा थोडा कमी तीक्ष्ण होतो, पण वाऱ्यात विमान हातचे जात नाही.

पंखाची जाडी त्याच्या रुंदीच्या 18 ते 20 टक्के, पुढची कड बोथट आणि वरचा व खालचा आकार सारखाच, याबाबत फारसा वाद नाही, कारण विमानाला सरळ आणि उलटे सारखेच उडायचे असते. इंजिनाविषयी मात्र चर्चा संपत नाही. फॉक्स 35 सारखी इंजिने सपाट उड्डाणात फोर-स्ट्रोकच्या (एकाआड एक फेरीला पेट घेण्याच्या) जाड आवाजात चालत आणि चढताना टू-स्ट्रोकवर (प्रत्येक फेरीला पेट घेण्यावर) येऊन जोर धरत; हा बदल विमानाचा वेग आपोआप सांभाळत असे. आता विजेची मोटर तेच काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने करते आणि त्यामुळे वेग अधिक एकसारखा राहतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

सध्या टेबलावर असलेल्या विमानाचा आतला पंख बाहेरच्यापेक्षा फक्त 12 मिलिमीटर लांब आहे. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्या वजन करून निवडल्या, हलक्या पट्ट्या शेपटीकडे लावल्या, आणि टोकाच्या पेटीचे झाकण एका स्क्रूवर ठेवले आहे, कारण पहिल्या उड्डाणानंतर ते उघडावे लागणार, याची मला खात्री आहे.