निश्चयक शून्याजवळ आला की

बारावीतल्या मुलांचे आईवडील मला हमखास एक प्रश्न विचारतात. "डेटा सायन्सच्या पदवीला एवढं गणित कशाला? सगळं कॉम्प्युटरच करतो ना?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने फ्लॅटच्या किमतींचा अंदाज बांधायचा प्रकल्प घेतला होता. कार्पेट एरिया, बिल्ट-अप एरिया, मजला, इमारतीचं वय असे रकाने होते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या आणि उत्तर आलं. त्यात कार्पेट एरियाचा सहगुणक, म्हणजे किमतीच्या सूत्रात त्याला ज्या संख्येने गुणायचं ती, ऋण होता! बाकी सगळं तेच ठेवून घर आतून मोठं केलं, तर किंमत कमी होणार. प्रोग्रामने कुठलीही चूक दाखवली नव्हती. आम्ही दोन दिवस डेटा तपासत बसलो. डेटाही बरोबर होता.

उत्तर सापडलं ते दहावीच्या पुस्तकातल्या क्रेमरच्या पद्धतीत. आठवतं ना, Dx भागिले D? ही दोन समीकरणं घ्या: x + y = 2 आणि x + 1.001y = 2.001. उत्तर x = 1, y = 1. आता 2.001 च्या जागी 2.003 लिहा. फरक दोन सहस्रांशांचा, पण उत्तर होतं x = −1, y = 3. इथे निश्चयक D आहे फक्त 0.001, आणि त्याने भागताना बारीकशी हालचालही हजारपट होते. सहगुणक काढतानाही कॉम्प्युटर आतून अशीच समीकरणं सोडवतो, आणि आमच्या यादीत बिल्ट-अप म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेळी कार्पेटच्या सव्वापट. दोन रकाने एकच गोष्ट सांगत होते, त्यामुळे किमतीचं श्रेय कुणाला किती द्यायचं हे ठरतच नव्हतं. एकाला भरमसाट मिळालं, ते फेडायला दुसरा ऋण झाला.

दहावीत D शून्य आला तर काय, एवढंच शिकवतात. शून्याच्या अगदी जवळ आला तर काय, हे पदवीच्या रेषीय बीजगणितात कळतं. नुसता निश्चयक बघून भागत नाही, कारण चौरस फुटांऐवजी चौरस मीटर घेतले की तोही बदलतो. म्हणून आधी सगळे रकाने एका मापावर आणतात, आणि मग त्यांच्यापासून बनणाऱ्या मॅट्रिक्सची (संख्यांच्या चौकोनी मांडणीची) सगळ्यांत मोठी आयगेन व्हॅल्यू सगळ्यांत लहान आयगेन व्हॅल्यूच्या किती पट आहे ते बघतात. आयगेन व्हॅल्यू म्हणजे मॅट्रिक्स आपल्या खास दिशांना किती पट ताणते ते माप. त्याला कंडिशन नंबर म्हणतात. यावरचा एक उपायही मला फार देखणा वाटतो. 1970 मध्ये होर्ल आणि केनर्ड यांनी मांडलेलं रिज रिग्रेशन. मॅट्रिक्सच्या कर्णावर एक छोटी धन संख्या मिळवायची. प्रत्येक आयगेन व्हॅल्यू तेवढीच वर सरकते, सगळ्यांत लहान असलेली शून्यापासून दूर जाते आणि सहगुणक ताळ्यावर येतात. हे असंच होतं याची सिद्धता मी पहिल्यांदा स्वतः वहीत पुरी केली तेव्हा वसतिगृहात रात्रीचे दोन वाजले होते आणि मला कुणाला तरी उठवून दाखवायची होती.

पुढे हेच पुन्हा पुन्हा भेटतं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 मध्ये मांडलेलं, डेटातल्या नोंदींमधलं अंतर मोजायचं म्हटलं, तरी सहप्रसरणाच्या (रकाने एकमेकांबरोबर किती बदलतात ते सांगणाऱ्या) मॅट्रिक्सचा व्यस्त काढावा लागतो. तिथेही दोन रकाने एकमेकांची नक्कल असतील तर तोच घोटाळा.

सगळंच गणित नोकरीत रोज लागतं असं मी म्हणणार नाही. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमेची काटेकोर व्याख्या, मी कामावर एकदाही लिहिलेलं नाही. पण कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर खोटं वाटल्यावर कुठे बघायचं, हे मला गणिताच्या त्याच तासांनी शिकवलं.

तुमच्या मुलीला हे झेपेल का, तिला आवडेल का, हे मी कसं सांगू? तिला आलेखाचा एक कागद द्या. वरच्या दोन समीकरणांच्या रेषा अगदी जवळजवळ आहेत, त्यामुळे आधी 1.001 ऐवजी 1.2 घेऊन दोन रेषा काढायला सांगा, मग 1.1. दर वेळी एक रेषा केसभर वर सरकवून छेदनबिंदू किती पळतो ते तिला मोजू दे. ती आपणहून तिसरी जोडी काढायला लागली, तर मला फोन करा.