प्लस-मायनस

आज रविवार, सोलापूरचं ऊन, आणि मी पंख्याखाली नाही तर माळ्यावर सोल्डरिंग गन घेऊन. बऱ्याच दिवसांपासून ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या) प्रयोगांसाठी प्लस-मायनस दोन्ही देणारा पॉवर सप्लाय हवा होता. जुन्या अँप्लिफायरमधून १५-०-१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर निघाले, चार डायोड डब्यात होतेच. विकत काय आणलं, तर एलएम३१७ आणि एलएम३३७, व्होल्टेज स्थिर ठेवणारे दोन रेग्युलेटर. एक प्लससाठी, एक मायनससाठी.

दोघे दिसायला जुळे भाऊ. म्हणून एकाच हीटसिंकवर शेजारी शेजारी कसले. सिरीजमध्ये साठ वॉटचा बल्ब लावून (कुठे शॉर्ट असेल तर तो पेटतो; ही सवय वडिलांची, देव त्यांचं भलं करो) स्विच दाबला, तर बल्ब भगभगला! दोस्त म्हणाला, "काय करायलास बे, दिवाळी आहे का?"

तासभर डायोड तपासले. ते बिचारे निर्दोष. मग डेटाशीट उघडली. ३१७ चा पाठीमागचा पत्रा म्हणजे त्याचं आउटपुट, ३३७ चा पत्रा म्हणजे त्याचं इनपुट. मी दोन्ही एकाच ॲल्युमिनियमला बिनधास्त जोडलेले, म्हणजे शॉर्टच! मध्ये वीज अडवायला अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश घातला. यावेळी बल्ब क्षणभर मिणमिणला आणि विझला.

मीटरवर प्लस १२.०४, मायनस ११.९७ व्होल्ट.

सगळं शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात बसवलंय. गरम झालं की खोलीभर लसणाचा वास सुटतो. आई विचारतेय, डबा परत कधी देणार.