शुक्रावरचा पाऊस आणि वणीकडचे ऊन

विज्ञानकथा हाती आली की तिच्यात सूर्य कुठे आहे, हे मी आधी पाहतो. यंत्रमानव, परग्रहावरचे प्राणी, काळातून धावणारी वाहने यांच्याशी ओळख सावकाश होते. त्याआधी सूर्य उगवला आहे, झाकला गेला आहे की विझत चालला आहे, याची नोंद पेन्सिलीने समासात झालेली असते. ही खोड मला मे महिन्यातल्या एका दुपारी लागली. विदर्भात, वणीकडच्या आमच्या गावात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता, कूलरच्या खसच्या ताट्यांवर पाणी सोडणारी मोटर कण्हत होती, पत्र्याच्या भोकातून आलेला कवडसा भिंतीवरून इंचाइंचाने सरकत होता, आणि मी रे ब्रॅडबरी यांची १९५४ साली प्रसिद्ध झालेली शुक्रावरची कथा वाचत होतो.

ज्यांनी ती वाचली आहे त्यांना ती विसरता येत नाही. शुक्रावर सात वर्षे अखंड पाऊस पडतो आणि मग अवघे दोन तास ऊन पडते. वर्गातली मुले नऊ वर्षांची, त्यामुळे मागचा सूर्य त्यांना आठवत नाही. मार्गो मात्र पृथ्वीवरून उशिरा आलेली. तिला तो चांगला आठवतो, आणि नेमका तोच राग मनात धरून बाकीची मुले तिला कपाटात कोंडतात व ऊन पडल्यावर आनंदाच्या भरात विसरून जातात. कथा अप्रतिमच आहे, पण त्या दुपारी माझे मन काही केल्या सूर्याच्या बाजूने वळेना. सात वर्षांच्या पावसाचे वर्णन वाचताना मुलांची कीव यायच्या ऐवजी मला त्यांचा हेवा वाटत होता.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून झाल्यावर मी ती कथा आजीला सांगितली. तिने सर्वांत आधी शेतातल्या कपाशीचा विचार केला. "सात वर्स पानी? मंग पराटी त सडूनच जाईन," ती म्हणाली, "तूरबी गेली." मग बराच वेळ ती सुपातले गहू निवडत राहिली आणि एकदम म्हणाली, "त्या पोरीले कोंडलं तवा मास्तरीनबाई कुठी गेल्ती?" याचे उत्तर कथेत आहे. बाई वर्गाबाहेर गेलेल्या असतात, परत येऊन त्या "सगळे आहेत ना?" असे विचारतात, मुले "हो" म्हणतात आणि बाई मोजून पाहत नाहीत. त्या कथेत प्रतीक शोधायचेच असेल तर मी ते त्या न मोजण्यात शोधीन.

परीक्षेच्या मार्गदर्शकांत मात्र डाव्या रकान्यात 'सूर्य' आणि उजव्या रकान्यात 'आशा' असे छापलेले असते. त्याखाली 'अंधार' आणि 'अज्ञान'. हे रकाने कोणत्या गावच्या हवामानात आखले गेले, असे विचारण्याची सोय नसते. वास्तविक विज्ञानकथेची सुरुवातच एका बिघडलेल्या उन्हाळ्यातून झाली आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात अडकलेल्या मंडळींनी भयकथा लिहिण्याची पैज लावली. त्या पैजेतून मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ साली आली. जिथे सूर्य असा हुलकावणी देतो तिथे तो आशेच्या रकान्यात बसला तर नवल नाही. आपल्याकडेही जयंत नारळीकरांनी 'हिमप्रलय'मध्ये मुंबईवर बर्फ पाडून थंडीलाच संकट केले. ते शास्त्राला धरून आहे, मला मान्य आहे. पण मुंबईवरचा तो बर्फ आमच्याकडे मे महिन्यात वाचणाऱ्याला घाबरायला जरा वेळ लागतो.

शुक्राचे पुढे जे झाले ते तर आमच्याच बाजूचे. १९६२ साली मरिनर-२ हे यान त्याच्या जवळून गेले आणि त्याचा पृष्ठभाग कमालीचा तापलेला असल्याचे कळले. नंतरच्या यानांनी तो आकडा साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर नेऊन ठेवला. ब्रॅडबरींचा पाऊस गेला. शुक्र आमच्या जिल्ह्याला जोडावा, इतका तो मला त्या दिवशी जवळचा वाटला.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९४१ सालच्या 'नाइटफॉल' या कथेने मला याहून अधिक अडवले. लागाश या ग्रहाला सहा सूर्य आहेत, त्यामुळे तिथे रात्र होतच नाही. दर २०४९ वर्षांनी एकदा ग्रहणाने अंधार पडतो, तेव्हा माणसांना वेड लागते आणि उजेडासाठी हाती येईल ते पेटवून ती आपली शहरे जाळून टाकतात. मी हे वाचले ते अंगणात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांनी. लहानपणी उन्हाळ्यात दिवस बुडाला की आमच्या बाजा बाहेर येत. सुंभाच्या विणीवर गोधडी, उशाशी पाण्याचा गडू आणि पायाशी कुत्रे. मग वीज जाई आणि घराघरांतले पंखे एकदम थांबल्याने गावभर जी शांतता पसरे तिच्यात आबाजी सप्तर्षींकडे बोट दाखवून म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर दाखवत. तिसरा चोर दिसेपर्यंत मी बहुधा झोपलेला असे. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसे माणसांत येतात ती रात्रीच. भांडणे मिटतात, लग्ने ठरतात, पेरणीचे बेत होतात ते सगळे अंधारात. अशा वाचकाला लागाशच्या रहिवाशांचे वेड सहजी पटत नाही.

तरीही असिमॉव्ह यांचा अंधार नुसता अंधार नाही, हे दुसऱ्या वाचनात लक्षात येते. लागाशच्या शास्त्रज्ञांचा अंदाज असा असतो की विश्वात आणखी फार तर डझन-दोन डझन सूर्य असतील, आणि ग्रहण लागते तेव्हा आभाळात तीस हजार तारे एकदम उगवतात. आपण केवढे आहोत हे इतक्या अचानक कळणे कोणालाही झेपणार नाही. आम्हांला ते बाजेवर पडल्या पडल्या, थोडे थोडे कळत गेले म्हणून निभावले.

राहता राहिले एच. जी. वेल्स. 'टाइम मशीन' या १८९५ सालच्या कादंबरीच्या शेवटी तीन कोटी वर्षांनंतरच्या समुद्रकिनाऱ्यावर लालभडक, विझत आलेला सूर्य आभाळात खिळून राहिला आहे. सूर्य आकसत आकसत उष्णता देतो, या समजुतीवर भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन यांनी त्याचे आयुष्य काही कोटी वर्षांतच बसवले होते आणि अणूच्या गर्भातली ऊर्जा तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. वेल्सचे भय त्या गणितातले आहे. मला मात्र आठवतात ते इलॉय आणि मॉरलॉक. वर उन्हात फळे खाऊन खेळणारे नाजूक इलॉय, आणि खाली जमिनीच्या पोटात यंत्रे चालवणारे, उजेड सोसवत नाही असे फिकट मॉरलॉक. एक जात श्रीमंतांची झालेली, दुसरी कामकऱ्यांची. वेल्सची आई ससेक्समधल्या अपपार्क या हवेलीत घराची व्यवस्था पाहत असे आणि तिथल्या नोकरांची ये-जा भुयारांतून चाले. ज्याने हे पाहिले, त्याला गरीब माणूस अंधारात दिसला, यात आश्चर्य नाही.

आमच्याकडे हे उलटे आहे. सावली ही इथली मालमत्ता आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो दुपारी दारे लावून, खसच्या ताटीआड, मंद उजेडात पडून राहतो. मी ही कादंबरी तशीच वाचली. ज्याच्याकडे पैसा नाही, तो उन्हात. इतकेच काय, वणी भागातल्या कोळशाच्या बहुतेक खाणीही उघड्या. कोळसा जमिनीच्या पोटातला, पण तो काढणारा माणूस आभाळाखाली. रोहिणीच्या आधी रानातला काडीकचरा वेचायला बाया जातात, तेव्हा लुगड्यावरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, बटणे गळ्यापर्यंत लावतात, तोंडाला दुपट्टा असा गुंडाळतात की डोळे तेवढे उरतात, आणि तेही मिचकावलेले. आमचे मॉरलॉक उजेडाला भीत नाहीत. त्यांना भिण्याची सवलत नाही.

वेल्सच्या कादंबरीत पुढे खालचे लोक वरच्यांना खातात. तो भाग मी इथे लावून पाहिला नाही. दुपारी बारा ते चार उघड्यावर काम टाळावे, अशी सूचना दर उन्हाळ्यात निघते आणि आमच्या शिवेवरच्या वीटभट्टीवर दुपारच्या विटा दर उन्हाळ्यात पडतात; मागच्या साली तिथे बिऱ्हाड घेऊन आलेला एक माणूस भोवळ येऊन पडला तो उठला नाही. त्याचे नाव गावात कोणाला माहीत नव्हते.